पाच लाख व्होल्टची कॉइल: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळेस पत्रं बघितली तर सगळी कॉइलवाल्यांचीच. कुणाचा वॉल्व्ह, कुणाचा स्टार्टर, कुणाचा रिले. त्यात निम्म्या लोकांनी आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून पाहिलंय, लई चांगली गोष्ट आहे, पार्ट जाळण्याआधी आकडे जाळलेले कधीही स्वस्त. म्हणून हा सगळा अंक त्यालाच देतो, इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरा.

प्रश्न: सर नमस्कार, मी नांदेडला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा प्रोजेक्ट ठिबकचा वॉल्व्ह मोबाईलवरून चालू-बंद करायचा आहे, १२ व्होल्टचा सोलेनॉइड, म्हणजे कॉइलनं उघडणारा. सामान घ्यायच्या आधी सिम्युलेशन करून दाखवा म्हणाले गाईड सर म्हणून ईसिम या सर्किटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. कॉइल १०० मिलिहेन्री, तिचा रेझिस्टन्स २४ ओहम, सप्लाय १२ व्होल्ट आणि एक स्विच. ऑन केला की करंट बरोबर अर्ध्या ॲम्पिअरपर्यंत चढतो पण ऑफ केला की डायरेक्ट ५ लाखाच्या जवळ व्होल्टेज दाखवायलंय. सर हसले. १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये ५ लाख येतीलच कसे, सॉफ्टवेअर गंडलंय का?
(एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर: सॉफ्टवेअर ठीक आहे. स्विचच्या मॉडेलमध्ये आरऑफ, म्हणजे ऑफ असतानाचा रेझिस्टन्स, किती आहे ते उघडून बघा, माझी पैज आहे १ मेग असणार. कॉइलमधला करंट एका क्षणात बदलत नाही हे तर तुम्ही पेपरात लिहिलंच असेल, मग ऑफ व्हायच्या आधी जर ०.५ ॲम्पिअर वाहत होता तर ऑफ झाल्याच्या लगेच नंतरही ०.५ च वाहणार आणि त्याला जायला तुम्ही एकच वाट ठेवलीय, १० लाख ओहमची. ०.५ गुणिले १० लाख, झाले ५ लाख. साधा ओहमचा नियम आहे हो. आरऑफ १० किलो करा, ५ हजार येतील. १० मेग करा, ५० लाख येतील. आणि काहीच लिहिलं नाही तर सॉफ्टवेअर स्वतःहून त्याहून कितीतरी मोठा आकडा धरतं, मग तर विचारूच नका. म्हणजे ते ५ लाख कॉइलचे नाहीतच, तुमच्या स्विचचे आहेत. कॉइल फक्त करंट चालू ठेवायचा हट्ट करते, व्होल्टेज किती चढणार ते तुम्ही तिला कोणती वाट दिली त्यावर.

(लिहिताना सांभाळा, स्पाइसमध्ये, म्हणजे ईसिमच्या आत हिशोब करणाऱ्या प्रोग्राममध्ये, नुसता एम लिहिला तर तो मिली होतो, छोटा लिहा नाहीतर मोठा. मेगा पाहिजे तर पूर्ण मेग लिहायचं. १ एम आरऑफ लिहून स्विच ऑफच होत नाही म्हणून डोकं धरून बसलेली बरीच पोरं आहेत.)

आता खऱ्या वायरमध्ये काय होतं ते. खऱ्या कॉइलच्या वेढ्या-वेढ्यात थोडी कपॅसिटी असते, ती तुमच्या चित्रात नाही. समजा १०० पिकोफॅरड धरली आणि कॉइलला पॅरलल टाकली. मग ऑफ केल्यावर करंट आधी त्या कपॅसिटरमध्ये शिरतो, कॉइलची सगळी एनर्जी, म्हणजे अर्धा एल आय स्क्वेअर (एल कॉइलची इंडक्टन्स, आय करंट), इथं साडेबारा मिलिज्यूल, कपॅसिटरमध्ये भरते, तेव्हा जे व्होल्टेज येतं ते करंट गुणिले (एल भागिले सी) चं वर्गमूळ, सी म्हणजे कपॅसिटी. आकडे टाका, १५,८०० व्होल्ट येतात. ५ लाखावरून थेट पंधरा हजारावर, तेही एवढ्याशा न दिसणाऱ्या कपॅसिटरमुळे. आणि ते एकदम उभं चढत नाही, साधारण ५ मायक्रोसेकंद घेतं, नंतर ५० किलोहर्ट्झच्या आसपास हेलकावे खात विझतं.

पण पंधरा हजार तरी खरे का? तेही नाही. प्रत्यक्षात तुम्ही स्विच म्हणून मॉसफेट हा ट्रान्झिस्टर लावणार, आपल्याकडं कोणत्याही दुकानात मिळतो तो आयआरएफझेड४४एन, त्याची मर्यादा ५५ व्होल्ट. व्होल्टेज त्याच्या थोडं वर गेलं की मॉसफेट आतून स्वतःच वाट देतो आणि ते साडेबारा मिलिज्यूल स्वतःच्या अंगावर घेतो. एकदा दोनदा सोसेल, पण त्याच्या भरवशावर वॉल्व्ह रोज चालवायचा नसतो. मॉसफेटऐवजी साधं बटण असेल तर बटणाच्या पत्र्यांत ठिणगी पडते, हवेतून ठिणगी पडायला कमीत कमी सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट लागतात आणि एकदा आर्क पेटली की ती थोडक्या व्होल्टवरही तग धरते. अमेरिकेत जोसेफ हेन्रीनं १८३२ मध्ये हेच तर छापलं होतं, लांब वायरचा सर्किट तोडला की ठिणगी मोठी पडते, म्हणून हेन्री हे युनिट त्याच्या नावाचं. जुन्या ट्यूबलाईटचा चोकही याच हट्टावर चालायचा, स्टार्टर उघडला की चोक शेकडो व्होल्टचा धक्का देतो आणि ट्यूब पेटते.

अजून एक भानगड सांगून ठेवतो कारण पुढं तुम्ही यात अडकणारच. काही पोरं स्विच न लावता डायरेक्ट करंट सोर्सच कॉइलला जोडतात आणि पल्सचा उतरायचा टाइम शून्य ठेवतात. शून्य टाइम सॉफ्टवेअरला चालत नाही, ते गुपचूप तिथं तुमचा टीस्टेप, म्हणजे तुम्ही दिलेली वेळेची पायरी, टाकतं. मग १०० मिलिहेन्रीत ०.५ ॲम्पिअर १ मायक्रोसेकंदात उतरवला तर ५० हजार व्होल्ट, आणि तुम्ही ग्राफ बारीक दिसावा म्हणून टीस्टेप १ नॅनोसेकंद केला तर ५ कोटी! सर्किट तेच, उत्तर हजारपट. करंट किती वेळात तुटतो हा आकडा तुमच्याकडं नसेल तर स्पाइकचा आकडाही तुमच्याकडं नाही, मग ग्राफ कितीही देखणा असो.

तर गाईड सरांना दाखवायला असं करा. कॉइल, तिच्या सिरीजमध्ये २४ ओहम, दोन्हींना पॅरलल १०० पिको, आणि स्विचच्या आडवा ६० व्होल्ट ब्रेकडाउन लिहिलेला एक डायोड मॉसफेटच्या जागी समजून, कारण बऱ्याच साध्या मॉसफेट मॉडेलमध्ये ब्रेकडाउन लिहिलेलंच नसतं. आधी तसंच चालवा, मग कॉइलवर फ्रीव्हील डायोड, म्हणजे ऑफनंतर करंटला फिरायला वाट देणारा उलटा डायोड, टाकून चालवा, १एन४००७ पुरे. स्विचवर १२.७ च्या आसपास दिसेल. दोन्ही ग्राफ शेजारी-शेजारी लावा, हसणार नाहीत.

प्रश्न: राम राम. शेतात मोबाईल स्टार्टर बसवलाय कारण लाईट रात्रीची असती अन् विहिरीवर जावं लागतं. मोटर बंद करायचा फोन केला की मोटर बंद होती पण मधूनमधून मशीनच हँग होतंय, मग जाऊन स्विच काढून लावावा लागतो, म्हणजे रात्री जाणं काही सुटलं नाही. पोरगा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं कॉन्टॅक्टरच्या (मोटर जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलवर डायोड टाकला तर फ्यूज उडाला. नंतर त्यानं कॉम्प्युटरवर करून पाहिलं, तो म्हणतो बंद करताना काहीच झटका येत नाही, मशीनच खराब आहे. काय करावं?
(एक शेतकरी, पूर्णा तालुका, जि. परभणी)

उत्तर: दादा, मशीन कदाचित चांगलं आहे. आधी डायोडचं. डायोड डीसी कॉइलवर टाकतात, तुमच्या कॉन्टॅक्टरची कॉइल एसी आहे, तिथं डायोड प्रत्येक सायकलच्या एका अर्ध्यात सरळ शॉर्ट करतो. फ्यूज उडाला हे नशीबच म्हणायचं.

झटका कसला तर तुम्हाला पाइपलाइनवरून लगेच समजेल, मोटर चालू असताना कुणी पुढचा वॉल्व्ह खटकन बंद केला तर पाणी थांबायला तयार नसतं अन् पाइप जोडावर फुटतो, तसा कॉइलमधला करंट एकदम तोडला की व्होल्टेज उसळतं आणि जवळच्या वायरीतून सिमकार्डच्या बोर्डात घुसतं.

आता पोराचं सिम्युलेशन, हे मला जास्त आवडलं कारण त्यात तो फसला ते अगदी रास्त फसला. त्यानं बहुतेक नुसती कॉइल टाकली, रेझिस्टन्स टाकलाच नाही, साइन सोर्स शून्यापासून चालू केला आणि स्विच १०० मिलिसेकंदाला उघडला. आपली लाईट ५० हर्ट्झची, एक सायकल २० मिलिसेकंदाची. साइनचं व्होल्टेज शून्यापासून सुरू झालं की शुद्ध कॉइलमध्ये करंट खालीवर न होता एकाच बाजूला चढतो, १० मिलिसेकंदाला वर आणि २० ला परत शून्यावर. २०, ४०, ६०, ८०, १००, प्रत्येक वेळेस शून्य! त्यानं नेमका त्याच क्षणी स्विच उघडला जेव्हा कॉइलमध्ये करंटच नव्हता, मग झटका येणार कुठून. त्याला सांगा कॉइलचा रेझिस्टन्स टाक, आणि स्विच उघडायचा टाइम १०० पासून ११० पर्यंत एकेक मिलिसेकंद सरकवत दहा-अकरा वेळेस चालव. एखाद्या वेळेस काहीच नाही येणार, एखाद्या वेळेस सणसणीत येईल. तुमचं मशीनही म्हणूनच रोज हँग होत नाही, मधूनमधून होतं, रिले कोणत्या क्षणाला सुटतो ते नशिबावर असतं ना.

हिशोब करून ठेवतो. समजा कॉइल २४० व्होल्टची आणि धरून ठेवायला ५० मिलिॲम्पिअर घेते, तर तिची इंडक्टन्स १५ हेन्रीच्या आसपास निघते, नांदेडच्या पोराच्या कॉइलच्या दीडशेपट. करंट शिखरावर असताना तोडला तर ०.०७ ॲम्पिअर. कॉइलवर स्नबर म्हणजे रेझिस्टन्स आणि कपॅसिटर सिरीजमध्ये लावतात, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड हे रेडिमेड मिळतं. पण वरच्या नांदेडच्या उत्तरातल्या वर्गमूळाच्या हिशोबानं ०.१ वर व्होल्टेज पावणेनऊशेपर्यंत जाऊ शकतं आणि ०.४७ वर चारशेच्या आसपास थांबतं, लोखंडात अन् तांब्यात थोडं जिरतं म्हणून खरं त्याहून कमीच येईल. म्हणजे दुकानदार देईल ते घेऊ नका, आधी कॉइलवरचा करंट क्लॅम्प मीटरनं मोजा, वायर दहा वेढे घालून मोजा म्हणजे बारीक करंटही वाचता येईल अन् दहानं भागा. कपॅसिटर एक्स२ लिहिलेलाच घ्या, म्हणजे मेन लाईटवर चालणारा. सोबत २७५ व्होल्ट एसीचा एमओव्ही लावला तर ४३० च्या आसपास तो वाहायला लागतो आणि पुढचं अंगावर घेतो. पण हे सगळं कॉइल २४० ची असेल तर! तीन फेजच्या बऱ्याच स्टार्टरची कॉइल ४१५ ची असते, कॉइलवर छापलेलं असतं ते आधी वाचा, ४१५ ला २७५ चा एमओव्ही लावला तर तो फुटतो. काम मेन स्विच पाडून, जमलं तर वायरमनच्या हातून.

प्रश्न: रानडुकरांनी भुईमूग ठेवला नाही. झटका मशीन घरीच बनवावं म्हणतो, गाडीची इग्निशन कॉइल आहे. सिम्युलेशनमध्ये आउटपुट भरपूर येतंय, प्रत्यक्षात तारेवर निम्मंही नाही. का?
(हिंगोली)

उत्तर: दोन कॉइल जोडताना तुम्ही के ची किंमत १ ठेवली असणार, खऱ्या कॉइलमध्ये एवढी पक्की जोडणी नसते, ०.९ ते ०.९८ टाकून बघा. शिवाय शेताभोवतीची तार म्हणजे स्वतःच एक कपॅसिटर आहे, गवत लागलं की वर गळतीही, ती दोन्ही आउटपुटला जोडा मग आकडा जमिनीवर येईल. पण बनवू नका असंच सांगतो. झटका मशीनला स्वतःचं स्टँडर्ड आहे, ठराविक एनर्जीचा बारीक पल्स आणि दोन पल्समध्ये सेकंदाचं अंतर, माणूस हात सोडवू शकतो तो त्या अंतरामुळं. घरच्या मशीनमध्ये टायमर अडकला तर ते अंतरच गेलं. आणि मेन लाईट डायरेक्ट तारेला जोडणारे आहेत आपल्याकडं, त्यात माणसं मेलीत, गुन्हे दाखल झालेत.

प्रश्न: बक कन्व्हर्टरचं (डीसी व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटचं) सिम्युलेशन करतोय. करंट शून्य झाल्यावर कॉइलच्या व्होल्टेजला करवतीसारखे दाते येतात, एक वर एक खाली, संपतच नाहीत. हे खरं रिंगिंग, म्हणजे खरे हेलकावे, का? दुसरं, हेच मी एक्सेलमध्ये स्वतः फॉर्म्युला टाकून करायला गेलो तर स्विच ऑफच्या पुढं आकडे कोटीच्या कोटी जातात.
(वाळूज, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: वा, एक्सेलमध्ये केलंत याला मार्क. तेच आधी घेऊ. तुमचा फॉर्म्युला बहुतेक असा, नवा करंट बरोबर जुना करंट अधिक स्टेप गुणिले (व्होल्टेज वजा आर गुणिले जुना करंट) भागिले एल. हा सरळ पुढं चालणारा हिशोब आहे आणि याला एक अट असते, स्टेप २ एल भागिले आर पेक्षा लहान पाहिजे. वरच्या नांदेडच्याच कॉइलवर बघा, स्विच ऑन असताना आर २४, मग ८ मिलिसेकंदापर्यंत स्टेप चालते, कुणालाही वाटेल १० मायक्रोसेकंद म्हणजे लई बारीक. पण ऑफ झाला की आर १० लाख झाला, मर्यादा थेट ०.२ मायक्रोसेकंदावर आली. १० मायक्रोसेकंदाच्या स्टेपनं दर ओळीला करंट उणे ९९ नं गुणला जातो, चिन्ह उलटं अन् आकडा ९९ पट. चौथ्या ओळीला कोटीच्या घरात जाणारच. सर्किट मिलिसेकंदात चालतं आणि एक क्षण नॅनोसेकंदात, असल्या प्रश्नांसाठीच तर १९७३ मध्ये बर्कलीहून लॉरेन्स नेगलचा स्पाइस आला, तो मागं बघणारे फॉर्म्युले वापरतो आणि स्टेप स्वतः लहान-मोठी करतो. जमलंच नाही तर टाइमस्टेप टू स्मॉल म्हणून हात वर करतो, तेव्हा आधी बघायचं, चित्रात कुठंतरी करंटला वाट ठेवायची राहिलीय का.

आता दाते. स्पाइसची नेहमीची पद्धत ट्रॅपेझॉइडल. कॉइलसाठी तिचा फॉर्म्युला उलटा मांडला तर नवं व्होल्टेज बरोबर २ एल भागिले स्टेप, गुणिले करंटमधला फरक, वजा जुनं व्होल्टेज. डायोड बंद झाला, करंट शून्य, पुढच्या स्टेपलाही शून्य, मग फरक शून्य आणि राहिलं काय तर वजा जुनं व्होल्टेज! ४० होतं तर उणे ४०, मग परत ४०, मग परत उणे. तुमची करवत ही. कॉइलमध्ये काही घडत नाहीये, फॉर्म्युलाच स्वतःशी भांडतोय.

ओळखायचं कसं, तर जास्तीत जास्त स्टेप म्हणजे टीमॅक्स निम्मा करा. दात्यांमधलं अंतरही निम्मं झालं तर तो हिशोबाचा खेळ. अंतर जसंच्या तसं राहिलं तर ते खरं रिंगिंग, कॉइल आणि डायोडच्या कपॅसिटीचं, ते बोर्डवरही दिसणार आणि त्याला स्नबर लागणार. हिशोबाचे दाते घालवायला मेथड ट्रॅपेझॉइडलऐवजी गिअर ही दुसरी पद्धत करा, किंवा एनजीस्पाइसमध्ये एक्सएमयू ही सेटिंग ०.५ ऐवजी ०.४९ ठेवा. गिअरला मात्र एक खोड आहे, स्टेप मोठी असेल तर तो खरं रिंगिंगही दाबून टाकतो आणि ग्राफ एकदम गुळगुळीत येतो. म्हणून आधी टीमॅक्सची परीक्षा, मगच गिअर. उलटं केलं तर बोर्डवर जे जळायचं ते ग्राफवर दिसणारच नाही.

प्रश्न: रिलेच्या कॉइलवर डायोड टाकल्यापासून ट्रान्झिस्टर जळायचं थांबलं पण आता रिलेचे पॉइंट चिकटायलेत. आधी असं नव्हतं. डायोड काढू का? सप्लाय सोलरच्या १२ व्होल्ट बॅटरीचा आहे, ट्रान्झिस्टर बीसी५४७.
(रिपेअरिंगचं दुकान, लातूर)

उत्तर: काढू नका भाऊ. डायोडनं करंटला वाट दिली पण लई आरामाची दिली. कॉइलवर उलटं व्होल्टेज फक्त ०.७, मग करंट सावकाश उतरतो, रिले रेंगाळत सुटतो, पॉइंट हळू उघडतात आणि तेवढा वेळ आर्क जळत राहते, त्यात पॉइंट वितळून चिकटतात. समजा ४०० ओहमची कॉइल, ०.४ हेन्री, आणि करंट पाचव्या हिश्श्यावर आला की रिले सुटतो, तर नुसत्या डायोडवर १.४ मिलिसेकंद लागतात. डायोडच्या सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर (ठराविक व्होल्टला उलटा वाहणारा डायोड) उलटा लावला तर ०.३ मिलिसेकंद. जेवढं जास्त व्होल्टेज चढू द्याल तेवढा करंट लवकर मरतो, सौदा असा आहे.

सिम्युलेशन करणाऱ्यांसाठी एवढंच की हे आकडे एल एकच धरून काढलेत. खरं तर रिलेची हलणारी लोखंडी पट्टी कॉइलला चिकटलेली असताना एल जास्त असतो, सुटली की कमी, म्हणून खरा टाइम थोडा वेगळा येईल. ऑन करताना स्कोपवर करंट बघितला तर चढता-चढता मध्येच एक खाच दिसते, ती पट्टी हलली तो क्षण, फिक्स एलच्या सिम्युलेशनमध्ये ही खाच कधीच येत नाही.

ट्रान्झिस्टरचं बघून घ्या. बीसी५४७ ची मर्यादा ४५ व्होल्ट. १२ अधिक झेनरचे २४ अधिक डायोडचे ०.७, म्हणजे ३७ च्या आत. दुपारी सोलरवर चार्ज होताना बॅटरी १४ च्या वर जाते तेव्हाही ३९ च्या आसपास, चालतंय. ३३ चा झेनर टाकलात तर ४५ ची हद्द ओलांडली.